पूजेला मांडलेलं जपानी पातं

माझ्या आईबाबांनी उभं आयुष्य दुसऱ्याच्या रोपांना डोळे भरण्यात घालवलं. वरूडकडच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही, बाकीच्यांसाठी सांगते. जंभेरीचं, म्हणजे काटेरी जंगली लिंबाचं, रोप वाफ्यात पेन्सिलीएवढं जाड झालं, की त्याच्या सालीला चाकूनं चीर द्यायची. चांगल्या संत्र्याच्या काडीवरचा डोळा, म्हणजे जिथून कोंब फुटणार ती जागा, सालीसकट अलगद काढायचा आणि त्या चिरेत सरकवायचा. वरून प्लास्टिकची पट्टी घट्ट गुंडाळायची. झालं कलम. चीर आणि डोळा बाबांचा, पट्टी आईची. काम जमिनीपासून वीतभर उंचीवर, म्हणून दोघं सकाळपासून वाकलेले, ओळीनं पुढं सरकत जाणारे. हिवाळ्यात वाफे ओले असतात. जंभेरीला काटे असतात, आणि पट्टी ओढून ओढून आईच्या बोटांना चिरा पडलेल्या असायच्या. संध्याकाळी ती भाकर थापायला बसली, की पिठाच्या गरम पाण्यात हात घालताना दातांतून हवा ओढायची. तो आवाज मला अजून नको वाटतो.

आम्ही राहायचो रोपवाटिकेच्याच मागं, टिनाच्या खोलीत. हंगाम संपला की दुसऱ्याची रोपवाटिका, दुसरी टिनाची खोली. आई कंबर धरून उठायची, पण उठताना बोलायची नाही. बाबा बोलायचे, "उठली व बाप्पा माही क्रेन." आई हसायची, शिवी द्यायची, मग चूल पेटवायची.

आई वाफ्यातून उठली पाहिजे. माझ्या शिक्षणाचं कारण एवढंच होतं. दुसरं उदात्त काही मला सांगता येणार नाही.

अकोल्याला मी शेतीची पदवी घेतली. आमच्या खानदानात पदवी घेणारी मी पहिली. हे वाक्य मी अर्जात लिहिते, फोनवर सांगते, इथंही लिहिते, कारण मला ते लिहायला आवडतं. पण पदवीनंतरच खरा थकवा सुरू झाला. अभ्यासाचा शीण झोपलं की जातो. हा जात नव्हता. भरती निघायची, रद्द व्हायची, पुन्हा निघायची. शेवटी अकोल्यातच एका कृषी केंद्रात काउंटरवर उभी राहिले. शेतकरी यायचे, माझ्याकडं बघून विचारायचे, "मालक कुठी गेले?"

"कपाशीवर काय आलं ते सांगा," मी म्हणायचे. "तुडतुडे का माशी? मालकाला त्यातलं काही समजत नाही."

बरोबरच्या एका मैत्रिणीनं सांगितलं, की अमरावतीत एक रोपवाटिकावाले आहेत, त्यांचा जपानशी खुंटांचा, म्हणजे ज्यांवर कलम बांधतात त्या रोपांचा, आणि अवजारांचा काही व्यवहार सुरू होतोय, आणि त्यांना शेती शिकलेलं, जपानी येणारं माणूस पाहिजे. शेती शिकलेले गल्लोगल्ली आहेत. जपानी येणारं कोणी नव्हतं. म्हणून मी दर रविवारी अकोल्याहून एसटीनं अमरावतीला जाऊ लागले, जपानीच्या वर्गाला. मूर्तिजापूर, बडनेरा, आणि मग अमरावती. मांडीवर पुस्तक, पुस्तकावर डोकं. नात्यातल्या बाया लग्नात भेटल्या की विचारायच्या, "कावून व, आता जपानीत सैंपाक करतं काय?" आई माझ्या वतीनं उत्तर द्यायची, "तुह्या पोराले मराठीत तरी येते का?"

वर्ग चष्म्याच्या दुकानाच्या वर होता. शिकवणाऱ्या बाई जपानात बरीच वर्षं म्हाताऱ्या माणसांची शुश्रूषा करून परतलेल्या होत्या. वर्गातली पोरं कार्टून बघून आलेली, त्यामुळं 'नमस्कार' यायच्या आधी त्यांना एक शब्द येत होता: यायबा. पातं. एकानं पहिल्याच आठवड्यात विचारलं, "मॅडम, सुरीला यायबा म्हणायचं ना?"

"म्हण की," बाई म्हणाल्या. "आणि तिथं भाजीच्या दुकानात जाऊन सांग, काकू, तुमची समशेर द्या, मेथीची जुडी कापायची आहे."

मग त्यांनी तो शब्द फळ्यावर फोडून दाखवला, आणि वर्गात पहिल्यांदा माझी झोप उडाली. 'याकी' म्हणजे भाजणं, 'हा' म्हणजे धार. भाजलेली धार. बोलता बोलता झिजून यायबा. तिकडचा लोहार पात्यावर माती लिंपतो, धारेकडं पातळ आणि पाठीकडं जाड, मग तापवून पाण्यात बुडवतो. धार कडक होते, बाकीचं लोखंड मऊ राहतं. तर यायबा म्हणजे खरं तर तेवढी कडाच. पण शब्द कडेवर थांबला नाही. कडेचा अख्ख्या पात्याला लागला, पात्याचा तलवारीला, तलवारीचा मरणाला. यायबावर ओणवं होणं म्हणजे आपल्या हातानं जीव देणं. लखलखत्या तलवारीला बर्फाची यायबा म्हणतात. आणि सहन करणं हे अक्षर लिहायचं, तर खाली काळीज काढतात आणि त्याच्यावर पातं ठेवतात. पोरं 'वा' म्हणाली. सहन करणं समजायला आमच्या घरी कुणाला चित्राची गरज नव्हती.

परतीच्या गाडीत मी आपल्या शब्दाचा विचार करत बसले. आपलं पातं तसं गरीब. गवताला पातं, डोळ्याला पातं. कपाशीला फुलाआधी पात्या धरतात, त्या गळल्या की माणसं काउंटरवर येऊन माझ्यावर ओरडतात. आपल्याकडं पात्याला कोणी मरणाचा मान दिला नाही, तो आपण 'धार' या शब्दाकडं ठेवला. हे मला बरं वाटलं. पुढचं आठवत नाही, बडनेऱ्यानंतर मला झोप लागली होती.

तर, त्या रोपवाटिकेच्या मालकांचा एक दिवस फोन आला. "मॅडम, जपानहून पाव्हना येऊन राहिला. म्हातारा आहे, कलमा बांधण्यात हयात गेली त्याची. दसऱ्याच्या आगेमागे राहीन, आपल्या लोकायले करून दाखवीन. बोलणं तुम्ही सांभाळा. जमलं, तर कायमचं ठेवतो." मग म्हणाले, त्याच्या जोडीनं काम करून दाखवायला इथला एक चांगला हात पाहिजे. मी बाबांचं नाव सांगितलं. "तुमचे वडील कलमा बांधते? बरं. येऊ द्या."

पाहुणा किरकोळ अंगाचा, कानावर पांढरे केस, तोंडावर सतत काळजी. त्याच्याकडं संत्र्याचाच चुलतभाऊ पिकतो, लहान आणि सैल सालीचा. मालकांच्या वरूडकडच्या रोपवाटिकेत तो बाबांच्या शेजारी उकिडवा बसला आणि बराच वेळ नुसता बघत राहिला. मग विचारलं, सालीसकट काढता त्याला काय म्हणता? मी सांगितलं, डोळा. तो त्या दिवशी पहिल्यांदा हसला. त्यांच्याकडं कोंबाला 'मे' म्हणतात, आणि डोळ्यालाही 'मे'च.

"काय म्हणून राहिला?" बाबांनी विचारलं.

"त्यांच्याकडंही डोळाच म्हणतात."

"मंग दुसरं का म्हणन? दिसते तर डोयाच."

जाताना त्यानं फडक्यात गुंडाळलेला चाकू काढला. लाकडी मूठ, अरुंद पातं, आणि धारेच्या कडेनं धुक्यासारखी एक रेघ. मी ओळखलं. म्हटलं, यायबा. त्यानं माझ्याकडं वळून पाहिलं आणि सांगितलं, की बागेत आता असं कोणी बोलत नाही, पण त्याच्या आज्याला हा चाकू करून देणारा लोहार बोलायचा. चाकू त्यानं बाबांच्या हातात दिला. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सगळ्यांपुढं काम करायचं होतं, तोवर हात बसू दे म्हणाला. फक्त पाण्यापासून जपा, कोरडा पुसा, तेलाचं बोट फिरवा. साधं लोखंड आहे, गंजतं. मी सगळं बाबांना सांगितलं. बाबांनी मान हलवली. "आपल्यावानीच हाये म्हणा. पाणी लागलं का बसलं." बाबांना सांध्यांचा त्रास आहे.

मी पाहुण्याबरोबर अमरावतीला परतले, आणि खंडेनवमीला संध्याकाळी घरी आले. आमच्याकडं त्या दिवशी हत्यारं पुजतात. पाटावर विळा होता, कुऱ्हाड होती, मोटारपंपाचा पाना होता, बाबांचा नेहमीचा चाकू होता. माझं जपानीचं पुस्तकही होतं, त्यावर झेंडूचं फूल. आणि मधोमध, मानाच्या जागी, तो चाकू. ओल्या हळदीकुंकवाचे जाड पट्टे ओढलेले, त्यावर अक्षता चिकटलेल्या.

"आई, हा कोणी धुतला?"

"म्या. चिचेनं घासला, समईसंगं. पाय ना, सकायी आरशावानी चमकून राहिला होता."

"होता?"

ती वाकून बघायला आली. मीही वाकले. हळदीच्या कडेनं तपकिरी डाग उमटले होते, आणि ती धुक्याची रेघ काळी पडली होती.

"बाबा, तुम्ही सांगितलं नाही का तिला?"

"सांगतलं. तेल लावजो म्हटलं."

"देवापुढं ओशट हत्यार ठेवते का कोणी?" आई म्हणाली. "एवढ्या दुरून आलेलं. त्याले धुवाचं नाई, कुंकू लावाचं नाई, म्हणजे त्याचा अपमानच का नाई?"

मी हात पुढं केला. तिनं माझं मनगट धरलं. "उचलू नको. उद्या सोनं वाटलं का मंग. मांडलेलं हत्यार मधातच उचलाचं नसते, तुले माहीत हाये."

"माझी नोकरी आहे त्याच्यावर."

"माही पूजा हाये त्याच्यावर."

मी बाबांकडं पाहिलं. बाबांनी पाटाकडं पाहिलं आणि म्हणाले, "राहू दे. आता उचलला तरी गंज का वापस जाते?" मी उंबऱ्यावर जाऊन बसले. वर्षानुवर्षांचे रविवार, ती एसटी, ते काउंटर, सगळं माझ्या पाठीवर येऊन बसल्यासारखं झालं. रडावंसंही वाटत नव्हतं, त्यालाही जोर लागतो. आई आतून म्हणाली, "हात धू, दोन घास खाय, मंग रड."

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी हिरव्या जाळीखाली पंचक्रोशीतले रोपवाटिकावाले जमले. बाबांनी चाकू कोरडा पुसून, आता तेल लावून, फडक्यात आणला होता. फडकं उघडलं आणि मालकांचा चेहरा बदलला. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, पण बाजूला म्हणजे आईबाबांना ऐकू जाईल एवढंच, "मॅडम, त्याले म्हणा मजूर लोकं आहेत, अडाणी आहेत, हलगर्जीपणा झाला. आपल्या नावावर येऊ देऊ नका."

आई पट्ट्यांचा जुडगा मांडीवर घेऊन वाफ्याच्या कडेला बसली होती. ती वर बघत नव्हती. बाबा फडक्याची घडी घालत होते, उलगडत होते, पुन्हा घालत होते.

मी पाहुण्याकडं गेले. पूजेला जपानीत काय म्हणतात ते मला त्या वेळी आठवेना, म्हणून जे शब्द होते त्यांत सांगितलं. आमच्याकडं वर्षातून एकदा हत्यारं देवापुढं ठेवतात. त्यांना फुलं वाहतात, त्या दिवशी त्यांना काम सांगत नाहीत. तुमचा चाकू माझ्या आईनं मधोमध ठेवला. आधी आंबट पाण्यानं धुतला, आणि ओला रंग लावला. हे तिनं मान द्यायला केलं. ती तिकडं बसली आहे. ती आणि हे बाबा, दोघं इथले मजूर आहेत आणि माझे आईबाबा आहेत.

मी आईकडं बोट केलं तेव्हा मालकांना काय ते कळलं असावं. "काय सांगितलं?" त्यांनी विचारलं.

"झालं ते."

"मी म्हटलं थे सांगितलं का?"

"नाही."

ते लांब जाऊन फोनवर बोलत उभे राहिले. फोनवर पलीकडं कोणी नव्हतं असं मला वाटतं.

मला वाटलं होतं, असं बोलून टाकल्यावर माणसाला काही सुटल्यासारखं वाटत असेल. मला फक्त भूक लागली होती, आणि गुडघे दुखत होते.

पाहुण्यानं पात्यावरून आडवा अंगठा फिरवला. 'आ' एवढंच म्हणाला. त्याला वाईट वाटलं होतं, ते त्यानं लपवलं नाही. मग पाणी मागितलं. बादली आली. पिशवीतून त्यानं दगड काढला, फळाचा रिकामा क्रेट उलटा करून त्यावर बसला आणि घासायला लागला. लोक चुळबुळू लागले. मागून कोणीतरी म्हणालं, "पाव्हना कलम शिकवाले आला का धार लावाले?" दुसरा म्हणाला, "धारवाला आणला बे मालकानं, डायरेक्ट जपानवरून. घरच्या इळ्या-कुऱ्हाडी घेऊन ये." खूप हशा पिकला. पाहुण्यानं विचारलं काय म्हणताहेत, तेही मी सांगितलं. तो म्हणाला, आणा, पण एकेक.

घासता घासता तो बोलत होता आणि मी सांगत होते. बाईंनी फळ्यावर जे सांगितलं तेच हे, फक्त इथं दगडाचा आवाज होता आणि काळं पाणी ओघळत होतं. विस्तव फक्त कडेनं पाहिलेला असतो. यायबा तेवढीच. गंज वरवरचा आहे, घासून जाईल, मुठीजवळ मात्र खोल गेलाय, तिथले दोन खड्डे राहतील. मग तो आईकडं बघत म्हणाला, की त्याच्या घरीही वर्ष बदलताना अवजारं धुऊन मांडतात, त्यांच्यापुढं तांदळाची गोल पोळी ठेवतात आणि तीवर एक संत्रं. तेही त्या दिवसांत अवजारांना हात लावत नाहीत.

आईनं पहिल्यांदा मान वर केली. "मंग त्याहिचे नाई गंजत?"

मी विचारलं. पाहुणा म्हणाला, "आम्ही तेल लावून ठेवतो."

"देवापुढं? तेलाचंच?"

"तेलाचंच."

आईनं थोडा विचार केला. "सांग त्याले, पुढच्या साली मीबी लावीन. पण कुंकू सोडणार नाई."

मग काम झालं. पाहुण्यानं एकट्यानं डोळा भरला आणि पट्टीही स्वतःच बांधली, बाबांनी आणि आईनं जोडीनं. लोकांनी दोन्ही बघितलं, आपापसांत वाद घातला, चहा घेतला आणि गेले. चाकू पाहुणा सोबत घेऊन गेला, त्या दोन खड्ड्यांसकट. गाडीत अमरावतीपर्यंत मालक माझ्याशी बोलले नाहीत. पाहुणा मधल्या सीटवर झोपला होता.

मी पुन्हा काउंटरवर उभी राहिले. दिवाळी आली, गेली. थंडी पडली, कलमांचा हंगाम लागला, आई पुन्हा वाफ्यात बसली. वर्गाला जाणं मी थांबवलं नाही, का थांबवलं नाही ते विचारू नका. ठरलेल्या गाडीत जाऊन बसायची सवय लागली होती, थांबवायचं तरी ठरवावं लागलं असतं. आई फोनवर नोकरीचं विचारायची नाही. विचारायची ते, "जेवली का?" आणि मी हो म्हटलं की म्हणायची, "खोटं नको बोलू." बाबांनी एकदा विचारलं, "माह्यामुळं गेली का व?" मी म्हटलं, "बाबा, मिळाली तरी होती का?" ते म्हणाले, "थे बी खरं."

एका दुपारी मी फवारणीच्या पंपाची वॉशर शोधत होते तेव्हा मालकांचा फोन आला. पाहुण्यानं पुढच्या वर्षी पुन्हा यायचं ठरवलं होतं, आणि बोलायला त्याच मुलीला ठेवा असं कळवलं होतं. मालक ते सांगताना खूश नव्हते.

"पगारी ठेवतो तुम्हाले. पण एक आहे मॅडम. मी जे सांगीन थेच समोरच्याले सांगायचं."

"जे आहे ते सांगीन," मी म्हटलं. "गोड करून पाहिजे असेल, तर दुसरं कोणी बघा."

मी वॉशर शोधत राहिले. गिऱ्हाईक माझ्याकडं बघत होतं.

"एक तारखेपासून या," ते शेवटी म्हणाले. दुसरं कोणी मिळालं नसेल, हेही खरं असेल. मला त्यात कमीपणा वाटत नाही. जपानीचं पुस्तक हातात नसतं, तर मीही त्यांना मिळाले नसते.

मी आता त्या रोपवाटिकेत कायम नोकरीला आहे. खुंटांची निवड आणि जपानी पाहुण्यांचं सगळं बोलणं माझ्याकडं असतं. अमरावतीत दोन खोल्या घेतल्या आहेत, आईबाबा माझ्याजवळ राहतात. बाबा हंगामात अजून हौसेनं जातात. आई यंदा वाफ्यात बसली नाही.